लव्हेलचे पंधरा शब्द

या, असे माझ्या ऑर्गनपाशी सरका. आमच्या चर्चचे पाळक मिम्स यांचं प्रवचन रंगत रंगत गाण्यावर चढायला अजून अवकाश आहे, तोवर माझ्या भाच्याची गोष्ट ऐका. ऐकून जीव हलका होईल, हा माझा शब्द.

लव्हेल पेटवे आमच्या अलाबामाच्या लाल मातीतला. नऊ वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघात लाइनबॅकर होता. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्याला छातीवर घ्यायचं आणि आडवं करायचं, हे त्याचं काम. लोक विजयासाठी प्रार्थना करत, मी त्याच्या डोक्यासाठी.

त्या खेळात हंगामाआधी प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा घेतात. पंधरा शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तेच. गुण घसरले तर बाहेर बस. आणि बाहेर बसलेल्याची जागा दुसरा पटकावतो. म्हणून पहिल्याच वर्षी संघातल्या ओथा गेन्सने शिकवलं, "बाळा, आधीच कमी आठव. घसरायला जागाच ठेवू नकोस." लव्हेल दरवर्षी सहा शब्द सांगून गप्प बसू लागला.

यंदा वसंतात तो दुकानाबाहेर स्वतःची गाडी अर्धा तास शोधत होता. पुढच्या रविवारी लहानपणापासूनचं भजन अर्ध्यात विसरला. त्याच्या बायकोने, रनीटाने, सरळ दवाखाना गाठला. मीही सोबत गेले.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले. "पहिल्या वर्षी सहा, गेल्या वर्षीही सहा. काहीच बिघडलेलं नाही."

लव्हेलचा चेहरा उतरला. "बाई, ते सहा खोटे आहेत. मुद्दाम सांगितलेले."

"खोटे?" रनीटा उसळली. "मी त्या कागदांच्या भरवशावर झोपायची रे! माझ्या आईचा एक टोमणा नऊ वर्षं लक्षात ठेवतोस, आणि तिथे सहा शब्द?"

"मग आज खरी परीक्षा द्या," बाई म्हणाल्या.

एवढा धिप्पाड गडी, पण लहान मुलासारखा माझ्याकडे वळला. "मावशी, खरेच सहा निघाले तर?"

"तर सहा. प्रभूपुढे खरे तरी असतील."

नऊ शब्द भराभर आले. मग अडला. डोळे मिटले, गुडघ्यावर ठेका धरला, आणि आमच्या पाळकांसारखा सूर लावून गाऊ लागला: "ढोल... हो, पडदा... हो हो, टर्की, नदी!" माझ्या तोंडून आपसूक "आमेन" निघालं.

बाई हसल्या. "तेरा. वयाच्या मानाने उत्तम. विसरता ते झोप नाही म्हणून. पण अजून एक हंगाम खेळलात, तर या तेराची हमी माझ्याकडे मागू नका."

त्याने बाहेरच्या बाकावरूनच संघाला फोन लावला. "पेटवे बोलतोय. माझं झालं." फोन ठेवून असा श्वास सोडला, जणू नऊ वर्षं कोंडून धरला होता. खाली गाड्यांच्या तळावर येताच बोट दाखवलं, "आपली गाडी तिसऱ्या रांगेत, खांबापाशी."

"आहा! पाळकांना सांगते, आज प्रवचन यावरच करा!" रनीटा म्हणाली, आणि हसता हसता त्याच्या दंडावर डोकं टेकून रडली.

तो बघा, पुढच्या बाकावर. त्याच्या शेजारी पांढऱ्या कोटात बसलाय तो ओथा. चांगल्या मनानेच शिकवलं होतं त्याने. आता बायकोचं नावही त्याला सापडत नाही, पण प्रवचन गाण्यावर चढलं की गुणगुणतो. लव्हेल दर रविवारी त्याला हाताला धरून आणतो.

गुडघे टेकाल तेव्हा ओथा गेन्सचं नाव घ्या. तो विसरलाय; तुम्ही विसरू नका.