तिसऱ्या पायरीवरचा पाहुणा

“ताई, हाही भाग झकास जमलाय. फक्त तुमचं भूत नुसतंच बसून राहतं. त्याला जरा भूक लागू द्या.”

साहेबराव मदन्यांनी एवढं एका बोटाने टाइप केलं, चष्मा कपाळावर चढवून एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. खाली नाव आपोआप उमटलं : सा. रा. मदने, शिरूर. आतून सगुणाबाईंनी ताट वाढल्याचं तिसऱ्यांदा सांगितलं. भूक नाही, असं साहेबरावांनीही तिसऱ्यांदा सांगितलं. गेल्या पंधरा दिवसांपासून दुपारची त्यांची भूक मेलीच होती. सगुणाबाई म्हणायच्या, त्या मोबाइलनं पोट भरतंय तुमचं, मग मी कशाला चुलीपुढं मरू.

साहेबराव एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं घंटी वाजवून आठ वर्षांपूर्वी रिटायर झाले. नातवाने मोबाइलवर कथांचं एक ॲप घालून दिलं आणि म्हातारा बघता बघता त्यात बुडाला. तिथं लिहिणारे सगळे हौशी. कोणी सांगलीची गृहिणी, कोणी नाशिकचा रात्रपाळीचा वॉचमन. बिचारे जीव ओतून लिहायचे आणि खाली कुत्रं फिरकायचं नाही. साहेबरावांना ते बघवेना. रिकाम्या गाडीत बसलेल्या एकट्या प्रवाशालाही ‘कुठं जायचं, दादा’ असं विचारणारा माणूस तो. त्यांनी सगळ्यांना लिहायला सुरुवात केली. ‘लिहीत राहा’, ‘शेवट चटका लावून गेला’, ‘तुमच्या लेखणीत दम आहे’. कथा कशीही असो, साहेबरावांची शाबासकी पहिली. लिहिणाऱ्यांत ते ‘शिरूरचे काका’ म्हणून माहीत झाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते भारी आवडायचं.

जातीपातीवरची कथा असली की काका मोठं लिहायचे. जात धनगराची, वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेले. पाटलाच्या रानात मेंढरं बसवली की खतासाठी पाटील खूश, पण वडिलांच्या ओंजळीत भाकरी वरूनच टाकायचे. ते साहेबरावांनी सहाव्या वर्षी पाहिलं होतं आणि साठ वर्षं विसरले नव्हते. म्हणून ते लिहायचे की माणूस सगळा एकच, माझे जिवलग मित्र सगळ्या समाजांतले, मी उभ्या जन्मात भेदभाव केला नाही. लिहिताना त्यांचे डोळे भरून यायचे. यात काडीचंही ढोंग नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तर ही भुताची कथा. नाव होतं ‘सव्वाची वेळ’ आणि लिहिणारीने स्वतःचं नाव लपवलं होतं. हमरस्त्याकाठचं एक घर. दारापुढे काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या. घरातली म्हातारी रोज दुपारी सव्वा वाजता ताट वाढते आणि वरच्या, तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवते. समोर कोणी नसतं. म्हातारी त्या कोणी नसलेल्याशी बोलते, आर्जवं करते. दुसऱ्या भागात तांब्यातलं पाणी बोटभर उतरलं. तिसऱ्यात पायरीवरून आवाज आला, लोखंडाचा, कट् कट् असा. चौथ्यात भूत दिसल्यासारखं झालं, मांडीवर काहीतरी धरून बसलेलं, तोंड रस्त्याकडे केलेलं. साहेबरावांच्या अंगावर काटा आला. भूतबीत ते मानत नसत, पण ही बाई लिहिते कसलं, असं त्यांनी सगुणाबाईंना दोनदा सांगितलं.

आणि मग त्यांनी भुताला भूक लावायला सांगितलं.

पाचवा भाग तीन दिवसांनी आला. साहेबराव सवयीप्रमाणे दुपारी ओट्यावरच्या खुर्चीत वाचायला बसले. भुताला भूक लागली होती. म्हातारीने भाकरी पुढे केली, भूत म्हणालं, आज सोमवार हाय माझा. दुसऱ्या दिवशी भूत म्हणालं, मंगळवार. मग गुरुवार, मग चतुर्थी, मग एकादशी. त्या घरात बाबासाहेबांचा धम्म घेतल्यापासून कोणी उपास धरत नव्हतं. तरी म्हातारीने पाहुण्यासाठी साबुदाण्याचा डबा भरून ठेवला. खिचडी केली, वर दाण्याचं कूट पेरलं. भूत ताटाकडे बघत राहिलं आणि म्हणालं, आज कडक हाय, वहिनी, पाणीसुदिक चालत न्हाई. आणि हातातल्या तिकिटांच्या चिमट्याने हवेला भोकं पाडत बसलं. कट् कट्.

साहेबरावांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

वरवंड. सदाशिव ओव्हाळाचं घर.

सदाशिव त्यांचा ड्रायव्हर. दोघांची अकरा वर्षं एकच जोडी, शिरूर-दौंड. चौफुल्यावरून गाडी वरवंडला यायची तेव्हा एक वाजून गेलेला असायचा आणि तिथं पंचवीस मिनिटांची विश्रांती होती. सदाशिवचं घर रस्त्यालगतच. तो जेवायला जायचा आणि साहेबरावांना ओढून न्यायचा. साहेबराव तिसऱ्या पायरीपर्यंत जायचे. तिथं बॅग मांडीवर घेऊन बसायचे आणि सदाशिवची बायको मुक्ताबाई बाहेर आल्या की त्या दिवसाचा वार सांगायचे. पहिल्या दिवशी सोमवार खरोखर होता. पुढचे सगळे वार सुचत गेले. यात वाईट काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आपण कुणाला टोचून बोललो नाही, अपमान केला नाही, फक्त जेवलो नाही. दौंडला पोचल्यावर ते स्टँडवर मिसळ खायचे, आणि सदाशिव समोरच गाडीची काच पुसत उभा असायचा. अकरा वर्षांत तो यावर एका शब्दाने बोलला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा साहेबराव मातीला जाऊन आले होते आणि लोकांत उभे राहून ढसाढसा रडले होते.

त्यांनी पुन्हा मोबाइल उचलला. भागाच्या खाली लिहिणारीने त्यांचं नाव घेऊन लिहिलं होतं, “काका, तुम्ही म्हणालात म्हणून भुताला भूक लावली. आता तुम्हीच सांगा, ते जेवेल का? कारण पाहुणा उपाशी म्हणून आई दुपारचं जेवत नाही, रात्रीही घासभरच खाते. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलंय तिचं. डॉक्टर म्हणतात, असं फार दिवस चालायचं नाही.”

कथेत ‘म्हातारी’ होती. इथं ‘आई’ झाली होती.

साहेबरावांनी दोन दिवस काही लिहिलं नाही. त्या दोन दिवसांत त्यांना एक चमत्कारिक गोष्ट कळली. दुपारी सव्वाच्या सुमाराला ओट्यावर सावली असूनही त्यांच्या बुडाखाली चटका बसायचा, तापलेल्या दगडावर बसल्यासारखा. घशाला कोरड पडायची आणि पाणी प्यायलं की तोंडात तांब्याची चव यायची. घरात तर सगळी स्टीलची भांडी. तिसऱ्या दिवशी सगुणाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघायला लागल्या. मूठ आवळत होती, सुटत होती, आवळत होती.

“हे काय करताय?” त्यांनी विचारलं. “पंधरा-वीस दिस बघतीय मी. रोज याच टायमाला.”

साहेबरावांनी मुठीकडे पाहिलं. आठ वर्षांत त्यांनी चिमट्याला हात लावला नव्हता. एकदम त्यांना भीती वाटली, अगदी लहान पोरासारखी. आपण शिरूरला ओट्यावर बसलोय, हे त्यांना कळत होतं. पण आपण तिकडेही बसलोय, रोज बसतोय, आणि एक बाई आपल्यापायी उपाशी मरतेय, हेही तितकंच कळत होतं. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. वारांसकट सांगितलं. सगुणाबाईंनाही तो सोमवार-मंगळवार नवा होता.

“जायचं तर जावा,” त्या म्हणाल्या. “पर जेवणार असाल तरच जावा.”

दुसऱ्या दिवशी ते साडेदहाच्या गाडीने निघाले. कंडक्टर तरुण मुलगी होती, हातात तिकिटाचं मशीन. वरवंडला उतरले तेव्हा एक वाजला होता. रस्ता चौपदरी झालेला, घरावर स्लॅब चढलेला, पुढच्या खोलीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचा बोर्ड लागलेला. पायऱ्या मात्र त्याच होत्या. वरच्या पायरीवर झाकलेलं ताट होतं, बाजूला तांब्या. ताटाशेजारी हातभर जागा रिकामी, आणि एवढ्या उन्हात तेवढाच दगड ओलसर दिसत होता, घामट अंगाचं माणूस बराच वेळ बसून राहावं तसा.

मुक्ताबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. हाडं आणि लुगडं, एवढंच उरलं होतं. त्या रिकाम्या जागेशी बोलत होत्या, हळू, समजुतीच्या सुरात. ऊन लागतंय भाऊ, आत या, घोटभर पाणी तरी घ्या. मध्ये थांबायच्या, कोणाचं तरी ऐकायच्या आणि मान हलवायच्या. साहेबरावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

साहेबराव पहिली पायरी चढले, दुसरी चढले. तिसरीवर त्यांनी पँट आवरून धरली आणि अंग चोरलं. बसलेल्याला पाय लागू नये म्हणून आपण असं करतोय, हे ध्यानात आल्यावर त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. तसेच ते पुढे झाले आणि अकरा वर्षांत जो उंबरा ओलांडला नव्हता तो ओलांडून आत गेले.

दुकानातून साधना आली. सदाशिवची मुलगी, चाळिशीची. तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची. तिने त्यांना लगेच ओळखलं. रागावली नाही, रडली नाही. पाणी दिलं. साहेबरावांनी ते सगळं पिऊन टाकलं आणि विचारलं, तुला ठाऊक होतं का, शिरूरचा काका म्हणजे मी.

“पहिल्या भागाला पहिली कमेंट तुमचीच आली,” साधना म्हणाली. “नाव दोनदा वाचलं मी. म्हटलं, भूतच वाचतंय की.”

तिने त्यांना पकडण्यासाठी लिहिलं नव्हतं. आईचं बघवत नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं, म्हणून लिहिलं. पहिल्याच भागानंतर बंद करणार होती. पण काकांनी लिहीत राहा म्हटलं, मग लिहीत राहिली. आईला हल्लीचं काही आठवत नाही, नवरा गेलेलाही आठवत नाही. तिच्या डोक्यात रोज सव्वा वाजतो आणि गाडी येते. पायरीवरचा तो कट् कट् आवाज तिने स्वतः ऐकलाय का, असं साहेबरावांनी विचारलं, तर ती म्हणाली, काका, ते नका विचारू.

“मला वाढ,” साहेबराव म्हणाले.

तिने जमिनीवर ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, कांदा, चटणी. साहेबरावांनी पहिला घास घेतला आणि तो काही केल्या गिळवेना. किळस नव्हती, लाज होती. कालवण फार चांगलं होतं. हे असलं कालवण अकरा वर्षं त्यांच्यापासून चार हातांवर शिजत होतं.

पायरीवर कट् असा आवाज झाला. साधनाने मान वर केली नाही.

मुक्ताबाई भिंतीला धरत आत आल्या आणि जेवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. कोन गाव, पाव्हणं, असं त्यांनी विचारलं.

“वहिनी, मी मदने. सदाशिवचा कंडक्टर.”

मुक्ताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या घासाकडे. मग त्या हसल्या, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाला हसावं तशा.

“न्हाई ओ. मदनेभाऊ आमच्यात जेवत न्हाईत.”

साहेबरावांच्या हातातला घास ताटात पडला. ते म्हणाले, मीच तो, वहिनी, उपास-बिपास काही नव्हता, मी खोटं बोलत होतो, दौंडला जाऊन खात होतो. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे नजर टाकली, बाहेरच्याला ऐकू तर गेलं नाही ना म्हणून.

“असं बोलू न्हाई बाबा,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “द्येवाधर्माचं मानूस हाय ते. ह्यांच्या जोडीचं. त्येला आमच्या दारात नावं ठिवू नका.”

साहेबराव माफी मागायला आले होते, पण माफ करणारं कोणी तिथं नव्हतं. ज्याला माफ करायचं तो या बाईच्या लेखी कधी चुकलाच नव्हता. डोळ्यांतलं पाणी कालवणात पडायला लागलं. मुक्ताबाईंना ते दिसलं. तिखट लागलं व्हय, असं विचारत त्या गुडघ्यावर हात देऊन त्यांच्यासमोर खाली बसल्या. परक्या गावचं मानूस, एकट्यानं जेवतंय, बरं दिसत न्हाई, असं काहीसं पुटपुटल्या आणि त्यांच्याच ताटातल्या भाकरीचा चतकोर मोडून घेऊन, कालवणात बुडवून त्यांनी तोंडात घातला.

साधना चुलीपाशी होती ती तशीच थांबली.

मुक्ताबाईंचा जबडा हळूहळू हलत होता. एक घास झाला. त्यांनी साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी भाकरी मोडली, त्यांनीही मोडली. ते थांबले की त्या थांबत होत्या. भाकरी संपली तशी साहेबरावांनी दुसरी मागून घेतली, मग तिसरी. पोट केव्हाच भरलं होतं. मुक्ताबाईंनी मध्येच नाव विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही, शिरूरकडचा हाय, एवढंच म्हणाले, आणि साधनाकडे न बघता ताट पुढे सरकवलं.

“आनखी अर्धी वाढ पोरी,” ते म्हणाले. “लई भूक हाय मला.”