याला हवा पुरत नाही

बायको तीन दिवस तापाने फणफणलेली, आणि हा पठ्ठ्या ताप बघत होता तो मशीनचा! काकूंचं डोकं फिरलं ते यावर. आतल्या खोलीत सून दोन पांघरुणं घेऊन कुडकुडतेय, आणि बाहेर दुकानात नवरा पडद्यावरच्या आकड्याकडे बघून गालातल्या गालात हसतोय.

"चोवीस, आई! फुल लोडवर चोवीस डिग्री!"

"आत एकशेतीन आहे. ते सांगू का तुझ्या गिऱ्हाइकाला फोन करून?"

"डॉक्टर म्हणाले ना, व्हायरल आहे म्हणून."

"डॉक्टर म्हणाले. तू कपाळाला हात लावून पाहिलास का एकदा तरी?"

मुलगा पुन्हा पडद्याकडे वळला. आकडा तेवीसवर आला होता, त्यात त्याचा जीव अडकला होता.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कॉम्प्युटर जुळवून देण्याचं दुकान होतं. मशिनं जुळवायची मुलाने, बारीक हातकाम करायचं सुनेने, पण कुठल्या मशीनला कुठला कूलर लावायचा हे ठरवायच्या काकू. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम तीन वर्षं पाहिलेलं. डब्यावरचे आकडे त्या वाचायच्याही नाहीत. मशीनच्या मागे तळवा धरायचा, वारा अंगावर घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "हा नुसता आवाज करतो, जावयासारखा." "हा बरा, बोलत नाही पण राबतो." त्यांचा निकाल सहसा चुकत नसे, आणि चुकला तर ते कबूल करवून घेण्याची कुणाची छाती नसे.

या वेळचं मशीन अवघड होतं. कार्टून बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून हवे होते. असं पळवलं की दोन्ही तापतात. ती ऊब धातूच्या पट्ट्यांत ओढायची आणि पंख्याने बाहेर फेकायची, एवढंच कूलरचं काम. काकूंनी पट्ट्यांच्या दोन बुरुजांचा उंच कूलर काढून ठेवला होता. पण कॅबिनेट पडलं अरुंद, दार बोटभर उघडं राहायला लागलं. बुटका लावावा तर खालच्या ग्राफिक्स कार्डची गरम हवा सगळी त्याच्या नाकात. "मी आल्यावर बघू," असं सांगून काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या आणि आज परतल्या, तर मशीन तयार, तीन दिवसांपासून पळतंय. वर चोवीस डिग्री.

त्यांनी सवयीने मागे तळवा धरला. आणि झटक्यात मागे घेतला.

वारा गार होता. तळघराचं दार उघडावं तसा.

भिंतीवरचा खोलीचा काटा एकतीस दाखवत होता. काकूंना शास्त्र येत नव्हतं, पण हात येत होता. कूलर कितीही भारी असो, तो खोलीतलीच हवा फिरवतो. खोलीपेक्षा गार तो आणणार कुठून? आणि एवढं मशीन पळतंय, तर त्याची ऊब जातेय कुठे?

"कुठला लावलास?"

"बाबांच्या कपाटात होता. तळाशी, कागदात गुंडाळलेला. बरोब्बर बसला बघ, दार पण लागलं."

काकूंनी दाराच्या काचेतून पाहिलं. काळ्या पट्ट्या, काळा पंखा, कंपनीचं नाव नाही. त्यांनी तो ओळखला. तो कागद त्यांनीच गुंडाळला होता, सहा वर्षांपूर्वी, त्यांचे मालक गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मालकांनी तो कुठून आणला होता ते कळलं नाही. चाचणीला म्हणून लावला, आणि तिसऱ्या दिवशी तापात गेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शुद्धीत असताना शेवटचं बोलले ते एवढंच: "तो काळा कुणाला लावू नकोस. त्याला हवा पुरत नाही." काकूंना वाटलं, तापाची बडबड.

"लोड बंद कर," त्या म्हणाल्या.

"आई, उद्या दहाला गिऱ्हाईक..."

"बंद कर म्हटलं ना!"

काकू आत गेल्या आणि सुनेच्या कपाळावर तळवा ठेवला. तव्यासारखं कपाळ बघता बघता ओलं झालं, निवलं. सुनेने डोळे उघडले.

"कर चालू!" काकू आतूनच ओरडल्या.

बाहेर पंखा घुमला. हाताखालचं कपाळ पुन्हा तापू लागलं, चुलीवर ठेवल्यासारखं. काकूंनी तीनदा बंद करायला लावलं, तीनदा चालू. तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा बंद झालं तेव्हा सून क्षीण आवाजात म्हणाली, "आई, आता ते थांबलं ना? मला कळतं. कुणीतरी अंगात निखारे ओतायचं थांबल्यासारखं वाटतं."

"पेस्ट कुणी लावली गं त्या मशीनला?"

"मीच."

"कशाने?"

सून कसनुशी झाली. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये जी पेस्ट असते, ती या दुकानात जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने पसरायची, उघडं बोट लावायचं नाही, हा मालकांचा नियम. बोटाचा तेलकटपणा राहतो म्हणायचे.

"कार्ड सापडेना, आई. हे मागे लागले होते, लवकर लवकर म्हणून. मी... बोटानेच."

हवा पुरली नाही की तो ऊब बोट लावणाऱ्याच्या अंगात ओततो! काकू उठल्या, बाहेर आल्या आणि सरळ वायर उपटली.

"अगं, काय करतेस!"

"काढ तो."

"आई, असं मशीन माझ्या हातून परत होणार नाही. चोवीस डिग्री कुणी..."

"तू काढतोस, की मी काढू पकडीने?"

मुलाने स्क्रू सोडवले. कूलर सुटताना ओल्या चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला. त्याने तो उलटा करून टेबलावर ठेवला, आणि दोघंही बघत राहिली.

दाबाने सगळी पेस्ट पसरायला हवी होती. पसरली नव्हती. मधोमध सुनेच्या बोटाचा ठसा होता, रेघ न रेघ मोजता यावी असा. आणि त्याच्या खाली, कूलरच्या तांब्याच्या तळातच उमटलेला, एक रुंद अंगठा. अंगठ्यावर तिरकी चीर.

"मी स्पिरिटने पुसला होता," मुलगा पुटपुटला. "लावायच्या आधी स्वच्छ पुसला होता, आई. हे नव्हतं. बाबांना पत्रा लागला होता ना... इथेच?"

 स्पिरिटचा बोळा घेऊन काकूंनी वरचा लहान ठसा पुसला, तांबं लखलखेपर्यंत पुसला. खालचा अंगठा गेला नाही. त्यांनी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. एकदाच त्यावर आपला तळवा ठेवला. वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी पंख्याची पाती अर्धा फेरा फिरली आणि मनगटावर हळूच ऊब आली. दमलेल्या माणसाने श्वास सोडावा, तशी. काकूंनी पदराने कूलर झाकला.

"तो दोन बुरुजांचा लाव."

"दार लागणार नाही."

"दार काढून टाक."

तासाभराने मशीन सुरू झालं. आकडा चढत चढत अठ्ठ्याहत्तरवर जाऊन थांबला. पंखे घोंघावू लागले. काकूंनी मागे तळवा धरला. झणझणीत गरम वारा. आतून सुनेचा आवाज आला, भूक लागलीय, काही आहे का खायला.

मुलगा खाली मान घालून स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत उभा होता.

"आई, मला खरंच वाटलं, मी काहीतरी मोठं केलं."

काकूंनी झाकलेला कूलर कुशीत घेतला, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा उचलला आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इंजिनिअरसाहेब, तुला आकडा वाचता येतो, कपाळ वाचता येत नाही. तेव्हा या घरात कूलर मीच निवडणार, मी मरेपर्यंत. तू फक्त स्क्रू फिरव. आणि आत्ता आधी आत जा, तिच्या कपाळाला हात लाव, आणि बाहेर येऊन मला सांग, किती आहे ते. आकडा न बघता."