पाळण्याखालचे ठोकळे

ताईंच्या गळ्यात मोजपट्टी नाही, असं चिमणीने कधी पाहिलं नव्हतं. जेवताना ती पाठीवर टाकलेली असायची, दार उघडायला येताना पुढे लोंबत असायची. बोलता बोलता त्यांची बोटं तिच्यावरून अशी फिरायची की समोरच्याला वाटावं, आपलं माप चाललंय. तसं ते चाललेलंच असायचं. घराच्या खालच्या मजल्यावर शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा कारखाना होता. पोर दारातून आत आलं की ताई नुसत्या नजरेने खांदा, छाती, बाही सांगत, आणि मग पट्टी लावली तरी आकडा तोच निघे. "माझं माप चुकत नाही," असं त्या म्हणत, आणि त्यात बढाई नसे. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं त्या ते सांगत.

चिमणी ही त्यांची भावजय. उंचीने बेताची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला जिला खुर्ची लागते अशी. नवऱ्याने लाडाने चिमणी म्हणायला सुरुवात केली आणि सगळं घर तेच म्हणू लागलं. ती फोटो आणि चित्रं फ्रेम करून देणाऱ्या एका दुकानात कामाला होती. काच कापणं, फोटोभोवती बसणारा, मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठ्याचा माउंट कापणं, पट्ट्यांचे कोपरे जुळवणं, यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. माहेर म्हणावं असं तिला उरलं नव्हतं. आईवडील गेलेले, एक मामी होती तीही लांबच्या गावी. त्यामुळे लग्नानंतर ताईंनी तिला जवळ घेऊन "आता हेच तुझं घर" म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

घर ताईंचं होतं, आणि एका अर्थी नवराही ताईंचाच होता. तो अंगावर पीत होता तेव्हाच त्याची आई घर सोडून गेली. ताई त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या. पुढे वडीलही गेले, ताईंनी लग्न केलं नाही, शिलाईवर भावाला वाढवलं. अजूनही त्या त्याला सोन्या म्हणत आणि तोही एवढा बाप्या गडी झाला तरी हाकेला धावत जाई. आईबद्दल त्या घरात एकच वाक्य होतं. ताई ते म्हणत आणि तोही तसंच म्हणे: "तिला जमलं नाही."

चिमणीला सातवा लागला तशी ताईंनी बाळाची खोली मनावर घेतली. पाळणा आपल्याच खोलीत ठेवू, असं चिमणीने म्हणून पाहिलं. ताई म्हणाल्या, दोघांच्या नोकऱ्या, झोप नको का तुम्हाला, त्यापेक्षा माझ्या खोलीशेजारची मोकळीच आहे. नवऱ्याला ते एकदम पटलं. त्याला ताईंचं न पटलेलं काही चिमणीच्या ऐकिवात नव्हतं.

आणि खोली झाली मात्र अशी की नाव ठेवायला जागा नाही. फिकट पिवळ्या भिंती, पडद्यांना ताईंनी हाताने टाचलेली पानांची झालर, गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेलं पांघरूण. चिमणीने आपल्या परीने भर घातली. त्याच तुकड्यांतून आणि जुन्या बटणांतून तिने ससा, कासव, हत्ती, बदकं केली आणि छोट्या छोट्या फ्रेमांत बसवली. बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्यावर दोघांना दिसतील अशी ती लावायची, हे तिचं ठरलेलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न तोच असतो: बघणार कोण, आणि उभं राहून की बसून? चित्र बघणाऱ्याच्या डोळ्यांपाशी लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर चित्रं लावून झालेली होती.

ताई हसत म्हणाल्या, तुला कशाला त्रास, या दिवसांत हात वर करू नयेत. चिमणीने आभार मानले आणि ती नव्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकेनात. मान वर केली तेव्हा कुठे हत्तीचे पाय दिसले. ती उठून पाळण्याशी गेली. कठड्याचा छान पाळणा, पण त्याच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे घातलेले, आणि ठोकळ्यांवर पिवळे चंद्र रंगवलेले. तिने कठड्यावरून हात आत घातला. बोटांची टोकं गादीला लागली, तळवा लागला नाही. दुपट्यांची फळी तिच्या हातापासून वीतभर उंच. दाराला आतून नवी कडी बसवलेली, तीही थेट वर, चौकटीला लागून.

"ठोकळे मुंग्यांसाठी," ताई म्हणाल्या. "आणि कडी वर, म्हणजे रांगायला लागल्यावर बाहेर जायचं भय नाही."

"ताई, सगळंच जरा उंच झालंय का?"

ताईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. बोटं पट्टीवरून सावकाश फिरली. "उंच? नाही ग. बरोबर आहे."

मग त्यांनी सहज वाकून पाळण्यातली चादर सारखी केली. हात कसा अलगद आत गेला, तळव्यासकट. त्या खुर्चीत बसल्या, पाय टेकले, आणि बदकं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. चिमणीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. ताईंच्या जागी दुसरी कोणी असती तर चिमणी म्हणाली असती, चुकलं असेल माप.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. तो हसला. ताईने महिनाभर मान मोडून केलंय आणि तुला त्यात खोट दिसते, असं म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून जवळ घेऊन म्हणाला, "अडलं तर ताई आहे ना." त्याला वाटलं, आपण बायकोला धीर दिला. भला माणूस होता तो. भल्या माणसांना समजावणं फार कठीण जातं.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. ताईंच्या खोलीत त्याचा लहानपणीचा फोटो होता: तरुण ताई मध्ये उभ्या, कडेवर तो, बाजूला पाळणा. काच तडकली होती. ताई कापड घ्यायला गेल्या असताना त्याने तो उतरवला आणि चिमणीच्या हातात दिला. काच बदलून आण, बाळाच्या खोलीत लावू, ताई खूश होईल.

दुकानात तिने फ्रेम पालथी घालून मागचे खिळे काढले. माउंटवर कापड चढवलेलं होतं आणि कडेचे टाके इतके बारीक आणि सारखे, की कोणाचे हे विचारायला नको. तो उचलल्यावर कळलं, फोटो खिडकीपेक्षा बराच मोठा होता. एका बाजूने आणि खालून माउंटने त्याचा चांगला मोठा भाग खाल्ला होता. बाजूला एक बाई होती. लहानखुरी, चिमणीएवढीच. ती एका स्टुलावर उभी होती आणि तिचे दोन्ही हात ताईंच्या कडेवरच्या मुलाकडे पुढे केलेले होते. तिच्या बोटांची टोकं तेवढी खिडकीत यायची, आणि आजवर सगळे त्यांना पडद्याची झालर समजत आले होते. खाली पाळण्याचे पाय होते. प्रत्येक पायाखाली विटा रचलेल्या.

 चिमणीने टेबलाची कड धरली. मालकांनी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बाळ हललं. मग ती बसली आणि तिने नवा माउंट कापला, मोठ्या खिडकीचा.

फोटो तिने बाळाच्या खोलीत स्वतः लावला, स्वतःच्या डोळ्यांपाशी. नवरा आला आणि त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. आईचा एकही फोटो त्याने कधी पाहिला नव्हता. "एवढीशी होती?" तो म्हणाला. चिमणीने विटांवर बोट ठेवलं, मग पाळण्याच्या ठोकळ्यांवर.  त्याला दिसलं, हे तिलाही दिसलं. "तू दवाखान्यातून यायच्या आत ठोकळे काढतो," तो हळूच म्हणाला. "आत्ता नको. ताईला वाईट वाटेल."

ताई आल्या, त्यांनी फोटो पाहिला. चिमणी भांडणाच्या तयारीने उभी होती, पण ताईंचा आवाज चढला नाही.

"तिलाही त्या विटा डोळ्यांसमोर नको असायच्या," त्या म्हणाल्या. "एकदा काढायला गेली आणि पाळण्यासकट पडली. सोन्याला काही झालं नाही. मी होते ना. पण त्यानंतर तिलाच वाटायला लागलं, आपल्याला जमायचं नाही."

"तिला वाटलं, की तुम्ही सांगितलंत?"

ताईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. हात उबदार होता आणि तो त्यांनी लवकर काढला नाही. "या दिवसांत असले विचार करू नयेत, चिमणे. बाळावर होतो परिणाम."

मुलगा झाला. पोट उघडावं लागलं. दवाखान्यात चिमणी ग्लानीतून जागी होई तेव्हा बाळ ताईंच्या मांडीवर असे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला ताई मायेने सांगत असत की हिची तब्येत नाजूक, हिला सगळं जमेल असं नाही. नर्स माना डोलवत. चिमणी पडल्या पडल्या ऐके आणि तिला त्या स्टुलावरच्या बाईची आठवण येई. तिच्याबद्दलही असंच कोणाकोणाला सांगितलं गेलं असेल. गोड आवाजात सांगितलेलं खोटं लोकांना लवकर पटतं.

घरी आले तेव्हा ताई पुढे होऊन दारात उभ्या होत्या, हात पसरून. "आला का माझा सोन्या." नवऱ्याने सवयीने मान वर केली. तोवर बाळ त्याच्या हातांतून ताईंच्या हातांत गेलं होतं.

सगळे वर गेले. बाळाला वारं नको म्हणून ताईंनी खोलीचं दार लावलं आणि वरची कडी घातली. चिमणीने आधी पाळण्याखाली पाहिलं. ठोकळे तसेच होते, पिवळ्या चंद्रांसकट. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो पडद्याची झालर बघत होता. फोटो भिंतीवर होता, पण वर, ताईंच्या डोळ्यांपाशी, आणि त्यावर जुना कापडी माउंट परत बसला होता. पाळण्याशेजारी एक नवी वस्तू होती. छोटंसं स्टूल, त्यावर पडद्याच्याच कापडाची टाचलेली गादी.

"तुझ्यासाठी ग," ताई म्हणाल्या. "तुला पोचत नाही ना."

चिमणीने पाहिलं. स्टुलाची उंची अगदी नेमकी होती. त्या अख्ख्या खोलीत तिच्या मापाची तेवढी एकच वस्तू होती.

 नवऱ्याने फोन काढला आणि उगाच मोठ्या उत्साहाने सगळ्यांना उभं करू लागला. ताई, तू बाळाला घेऊन मध्ये. चिमणे, तू स्टुलावर चढ, म्हणजे दिसशील. ती चढली. पोटावरचे टाके ओढले गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"जरा कडेला सरक," ताई म्हणाल्या. "अजून. हां, तिथेच."

माउंट किती खातो, हे चिमणीला कोणी शिकवायला नको होतं. ती जिथे उभी होती ती सगळी जागा त्याच्या पोटात जाणार होती. बाळ कण्हलं, आणि तिचे हात आपोआप पुढे गेले. दोन्ही हात. आपण आत्ता कशा दिसतोय, हे तिला लख्ख कळलं आणि ती घाबरली. इतकी घाबरली की त्या भीतीनेच तिच्या अंगात बळ आलं.

"ताई, द्या त्याला."

"फोटो तर होऊ दे."

"आधी द्या."

तिने एक हात बाळाच्या मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली. फोन समोर रोखलेला होता, त्यापुढे ताईंना ओढाताण करता येईना. क्षणभर बाळ दोघींचं होतं. मग ते चिमणीच्या छातीशी आलं. ती एकेक पाय जपून टेकत स्टुलावरून उतरली आणि दाराकडे चालू लागली.

"अगं, फोटोत तू आलीच नाहीस," मागून नवरा म्हणाला. "नुसती ताई आणि पाळणा."

दाराशी ती थांबली. कडी वर होती, चौकटीला लागून. हातात बाळ नसतं तरी तिचा हात तिथवर पोचला नसता. मागे पाळण्याची गादी थोपटल्याचा आवाज आला आणि ताईंचं बोलणं, कोणालाही न दुखवणारं: "असू दे रे. थकली की देईल."

चिमणी वळली. ताईंकडे तिने पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहून ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "दार उघड."

त्याने फोन खिशात ठेवला. तो दाराच्या दिशेने निघाला, अर्ध्या खोलीत थांबला, आणि त्याने ताईंकडे पाहिलं.