मालकीण गेली

माझ्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी आम्ही घर घेतलं. तोवर आम्ही तिच्याकडेच राहत होतो. दोन खोल्या, त्यात ती, तिचा नवरा, मी आणि आमचे हे. जुळं आल्यावर दोरीवर दुपटी आणि खाली आम्ही, पाय ठेवायला जागा उरली नाही. बहीण तोंडाने काही बोलली नाही. पण तिचा नवरा सकाळी मला ओलांडून जाताना "सांभाळून" म्हणायचा, आणि ते मला म्हणतोय की स्वतःला, हे काही कळायचं नाही.

हे लाकडाला पॉलिश करायचे. लोकांच्या घरी जाऊन कपाटं, दारं, टेबलं घासायची आणि त्यात तोंड दिसेल अशी करून द्यायची. मी दवाखान्याच्या लॉन्ड्रीत होते. वाफेच्या यंत्रातून चादरी निघाल्या की दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायच्या. आधी लांबीत अर्धी, मग पुन्हा अर्धी, मग आडव्या तीन. हात असे बसले होते की घरीसुद्धा मला दुसरी घडी यायची नाही.

एक दिवस हे आले आणि म्हणाले, घर आहे. एका बाईंची कपाटं हे कित्येक वर्षं पॉलिश करत होते, तिचं. एकटी होती, मागेपुढे कोणी नाही. मग ती कुठे राहणार, असं मी विचारलं. हे बूट काढत होते. खाली बघूनच म्हणाले, "मालकीण गेली."

मी हळहळले. कशाने गेली विचारलं, तर म्हणाले, वय झालं होतं. त्यापुढे मी काही विचारलं नाही. मेलेल्या बाईच्या घराची चौकशी तरी किती करायची.

घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे एक खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्यामागे एक लहान खोली. तिचं एक दार मागच्या बाजूला नळाशी उघडायचं. बाईंचं बरंचसं सामान तिथेच होतं. स्वयंपाकघरात चावीचं घड्याळ होतं, बंद पडलेलं. मागच्या खोलीत लोखंडी पलंग, त्यावर गादी, उशाशी स्टूल. ती खोली सध्या आहे तशीच राहू दे, असं यांनी सांगितलं. मलाही ते पटलं. एखादी बाई गेली म्हणून लगेच तिचा पलंग उचलून बाहेर टाकायचा, हे काही बरं दिसत नाही.

पहिले काही दिवस मी भिंतींना हात लावून फिरत होते. आपली भिंत. कोणी ओलांडून जाणार नाही, कोणी "सांभाळून" म्हणणार नाही.

मग मिठाची बरणी हलली. मी ती शेगडीच्या उजवीकडे ठेवायची, संध्याकाळी कामावरून यावं तर डावीकडे. वाटलं, आपणच ठेवली असेल. नंतर एकदा दार उघडलं आणि घड्याळ चालू. टिकटिक अख्ख्या घरात. यांना विचारलं तर म्हणाले, मी हातही लावला नाही. ते खरंच होतं. त्यांनी नव्हताच लावला.

पण खरी घाबरले ती चादरीने. सकाळी मी चादर घडी घालून आमच्या अंथरुणावर ठेवून गेले होते, आडव्या तीन. संध्याकाळी ती चार घड्यांची झालेली. माणूस नजरचुकीने बरणी हलवेल. चादर पूर्ण उलगडून पुन्हा घडी करायला दोन हात लागतात, आणि ते हात माझे नव्हते.

मी यांना सगळं सांगितलं. हे जवळ येऊन बसले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "म्हातारीचा जीव अडकला असेल घरात. ती कुणाला काही करणार नाही. तू फक्त त्या मागच्या खोलीत जाऊ नकोस." आणि गल्लीत कुठे बोलू नकोस, असंही बजावलं. घराचं नाव खराब झालं तर उद्या कोणी उंबऱ्याशी उभं राहणार नाही. शेजारच्या शिंपीणबाई दिवसभर खिडकीशी मशीन चालवत बसायच्या, त्यांच्याशी चार शब्द बोलावे असं मला रोज वाटायचं. पण नवऱ्याने सांगितलंय म्हटल्यावर मी मान हलवून पुढे जायची.

बहिणीला मात्र सांगितलं. दोन्ही मांड्यांवर दोन पोरं घेऊन ती ऐकत होती. म्हणाली, "घड्या घालतं, घड्याळाला चावी देतं, असलं भूत मला दे गं. माझ्याकडे धुणं पडलंय." मी हसले, पण त्या रविवारी तिच्याकडेच राहिले. मग पुढच्याही. सुट्टीच्या दिवशी त्या घरात एकटीने बसायचं म्हटलं की मी पायात चपला घालायची. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालं आणि त्यात पाणी प्यायची भीती. घर सोडून द्यावं, पुन्हा बहिणीच्या जमिनीवर झोपावं, असंही मनात येऊन गेलं.

मग मी वेगळंच करून पाहिलं. मिठाची बरणी मीच डावीकडे ठेवायला लागले. चादरीच्या चार घड्या घालायला लागले. कामावर जाताना रिकाम्या घराला सांगायची, बाई, तुमचं घर मी नीट ठेवीन, मला राहू द्या. एकदा संध्याकाळी आले तर ओट्यावर कप धुऊन उपडा ठेवलेला. तो बघून मला रडू का आलं, ते मलाच कळलं नाही.

एके दिवशी लॉन्ड्रीचा बॉयलर बिघडला. वाफ नाही म्हणजे काम नाही. मुकादमाने जेवणाच्या सुट्टीआधीच सगळ्यांना घरी पाठवलं. मी कुलूप उघडून आत गेले, तर स्वयंपाकघरात म्हातारी बसलेली. माझ्या खुर्चीवर, माझ्या कपातल्या चहात बिस्किट बुडवून खात होती. कुलूप माझ्या हातातच राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

म्हणाली, "दार लाव, माश्या येतात."

मी दार लावलं. बिस्किटाचा तुकडा चहात पडला होता, तो ती चमच्याने शोधत होती. भूत असं करणार नाही, एवढं मला कळलं. शेवटी तीच म्हणाली, "तूच ना ती? जिला मी नको होते."

मी विचारलं, कोणाला नको होतात? तुम्ही तर गेलात ना? त्यावर ती म्हणाली, गेलेच की, तुझ्या हट्टापायी. असं बराच वेळ चाललं. ती एक बोलायची आणि मी भलतंच ऐकायची. मग तिने चमचा खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं.

घर तिने यांना विकलं ते एका बोलीवर. मागची खोली मरेपर्यंत तिची. म्हणून तर ते आमच्या ऐपतीत बसलं. हे तिला आई म्हणायचे. आम्ही राहायला येण्याच्या आधी हे तिच्याकडे गेले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, बायको ऐकत नाही. म्हणते, परक्या म्हातारीचं मी करणार नाही. थोडे दिवस वृद्धाश्रमात राहा, तिची समजूत काढतो आणि स्वतः घ्यायला येतो. म्हातारी बिचारी गेली. आश्रम शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुपारी तिथे सगळे आडवे झाले की ही बस पकडायची. मागच्या दाराची चावी तिच्याजवळ होतीच. घड्याळाला चावी द्यायची, चहा करायचा, आपल्या पलंगावर जरा पडायचं, आणि तिकडच्या चहाच्या आत परत.

"यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"नसायला काय झालं? एकदा दुपारी इथेच भेटला की. म्हणाला, ये हवं तर, पण ती घरात नसताना ये." मग म्हणाली, "तू मीठ माझ्या जागेवर ठेवायला लागलीस, तेव्हा मला वाटलं, पोरीचं मन वळतंय."

मी तिला सांगितलं की मला कोणी विचारलंच नव्हतं. तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? मग मी तिला माझी भीती सांगितली, घड्या सांगितल्या, रिकाम्या घराशी बोलायची तेही सांगितलं. ती चष्मा काढून पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

त्या दिवशी मी तिला बस पकडू दिली नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. हे आले, अंगाला पॉलिशचा वास, हातात पिशवी. दारातच थांबले. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून हसायला गेले. मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होतात, मालकीण गेली.

"गेलीच होती," ते म्हणाले. "आश्रमात गेली. मी कुठे मेली म्हटलं? तू तसा अर्थ घेतलास."

इतकी वर्षं मी या माणसाला अहो-जाहो करत आले होते. त्या क्षणी ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "तू माझा हात हातात धरून सांगितलंस, जीव अडकलाय म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं ना?"

तो पिशवी कुठे ठेवावी ते बघत राहिला. म्हणाला, तुला आधीच भीती वाटत होती, मी फक्त हो म्हटलं. आणि तुला विचारलं असतं, तर तू नाहीच म्हणाली असतीस.

मी काय म्हणाले असते, कोण जाणे. कदाचित नाहीही म्हणाले असते. इतके दिवस दुसऱ्यांच्या पायांखाली झोपलेली बाई, घरात आणखी एक माणूस म्हटल्यावर चिडलीही असती. पण ते माझं मी म्हणाले असते. त्याने माझ्या तोंडी ते आधीच घातलं, ते घेऊन म्हातारीला घराबाहेर काढलं, आणि मला तिचं भूत करून दिलं. म्हातारीला नाक मुरडायला मी, आणि मला घाबरायला ती. मधे हा मात्र दोघींपाशी चांगलाच.

म्हातारी उठली आणि कप धुवायला लागली. नळाच्या आवाजात त्याला काही बोलायचं होतं, ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आश्रमात जाऊन तिचं गाठोडं घेऊन आले. ती मागच्या खोलीत राहिली. आमच्यात फार गोडवा होता असं नाही. माझ्या हातचा चहा तिला पाणचट लागायचा आणि तिची सततची देखरेख मला नको व्हायची. पण ज्याचं त्याचं बोलणं आम्ही ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकत होतो. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, त्या तर रोज दुपारी यायच्या, मला वाटलं तुम्हीच बोलावता.

नवरा पुढच्या खोलीत झोपायचा. जेवण वेळेवर वाढत होते, कपडे धूत होते. पण त्याने काही सांगितलं की मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करायची. बाजारात आज काय मिळतंय, हेसुद्धा. त्याच्या ते लक्षात यायला वेळ लागला, आणि आल्यावर तो बोलायचाच कमी झाला.

म्हातारी पुढच्या वर्षी मार्च महिन्यात, मंगळवारी सकाळी, मागच्या खोलीत वारली. नवरा त्यानंतर नऊ वर्षांनी, पावसाळा संपता संपता, दवाखान्यात वारला.