आजीच्या मांडीवरचं पीठ

आजीची मांडी ही जगातली सर्वांत सुरक्षित जागा आहे, याबद्दल मानवजातीत आजवर दुमत झालेलं नाही. फक्त हे मत बनलं तेव्हा मांडी ताशी पन्नासच्या वेगाने कुठे निघालेली नव्हती.

या गोष्टीतली आजी अजून आजी व्हायची होती. सुनेला नववा लागला होता, आणि हॉस्पिटलमधून बाळाला घरी कसं आणायचं हे आजीच्या दृष्टीने केव्हाच ठरलेलं होतं. आपल्या मुलाला तिने जसं आणलं होतं तसंच: मागच्या सीटवर, मांडीवर, दुपट्यात गुंडाळून. ते दुपटंही तिने जपून ठेवलं होतं. त्यामुळे मुलाने आणि सुनेने बाळासाठी गाडीतली खुर्ची घ्यायचं काढलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घ्या हो. मी डिकीत बसेन."

दुकानात मात्र ती सगळ्यांच्या पुढे होती. आजोबा मागून किमतीच्या चिठ्ठ्या वाचत येत होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस कुठलीही वस्तू दोन मापं मोठी घ्यायचा. मुलाची बोटं बुटाच्या टोकाला पोचेपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा.

"ही घ्या," ते चार वर्षांच्या मुलाच्या खुर्चीवर थाप मारत म्हणाले. "वाढत्या अंगाची."

"बाबा, बाळ तीन किलोंचं असेल," मुलगा म्हणाला. "या पट्ट्यांतून गळून पडेल."

"कडेने टॉवेल कोंबू."

"कोंबायचं काही नाही, असं खोक्यावरच लिहिलंय, बाबा," सून म्हणाली आणि तिने तान्ह्या बाळाची, पाठीकडे कललेली, लहान खुर्ची पुढे ओढली. "ही. मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायची."

"तोंड मागे?" आजी म्हणाली. "पोराला रस्ता दिसायला नको?"

"सुरुवातीला त्याला तुमचा चेहराही धड दिसणार नाही, आई. समोरून धक्का बसला तर तो सगळ्या पाठीवर पसरतो. मान कोवळी असते ना."

"मान धरायलाच माणसाला हात दिलेत." आजीने दोन्ही हात पुढे करून दाखवले. "बाळाच्या वजनाचं काहीतरी द्या माझ्या मांडीवर. गाडी पळवा, ब्रेक मारा. हातून सुटलं तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

शेवटच्या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, पण आव्हान स्वीकारलं गेलं. खुर्ची घेतली, आणि प्रयोग होईपर्यंत ती खोक्यातच राहील असं ठरलं.

रविवारी सकाळी बाजारामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सगळे जमले. बाळ म्हणून तीन किलो पिठाची कागदी पिशवी होती. आजीने ती दुपट्यात गुंडाळली. आजोबांनी खडूने जमिनीवर रेघ मारली. ब्रेक इथेच लागणार. गाडी नवी होती. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच, जड अंतःकरणाने काढलं होतं. सून पोटावर हात ठेवून लांब भिंतीपाशी उभी राहिली. आजोबा गाडी चालवायला बसले, मुलगा त्यांच्या शेजारी, आजी मागे, पट्टा लावून.

"तयार?" आजोबांनी विचारलं.

"मी केव्हाची तयार आहे. तुम्ही एसी कमी करा, बाळाच्या अंगावर येतोय."

गाडी सुटली. रेघ अजून बरीच लांब होती. आजीने दुपट्याचं टोक सारखं केलं, एक हात सोडून चष्मा वर सरकवला आणि मुलाला म्हणाली, "बघ कसं गाढ…"

एका मोटारीखालून मांजर निघालं. त्याला रेघेबद्दल कोणी सांगितलेलं नव्हतं. आजोबांनी ब्रेक दाबला. दुपटं आजीच्या हातात राहिलं, पिशवी दोन सीटच्या मधून पुढे गेली आणि गिअरवर आपटून फुटली.

सून जमेल तेवढ्या लगबगीने आली. दार उघडलं तेव्हा आत तीन पांढरी माणसं बसली होती.

"मांजर वाचलं," आजोबा म्हणाले.

"हा नुसता ब्रेक होता, आई," मुलगा शिंकत म्हणाला. "खरी धडक बसली तर…" पण त्याने मागे वळून पाहिलं. आजी रिकाम्या दुपट्याकडे बघत होती.

"तुला मी असंच आणलं होतं," ती म्हणाली.

"तेव्हा सगळेच तसंच आणायचे."

"ब्रेक लागला असता तर?"

"लागला नाही ना," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला काय सांगायचं! मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या हातांनी आणलं."

मुलगा उतरून मागे आला आणि बोटाने तिच्या भुवयांवरचं पीठ झटकू लागला. "तुझ्याच हातांनी आणलंस," तो म्हणाला. "रस्त्यानेही थोडी मदत केली."

आजीने त्याचा हात बाजूला केला आणि सुनेकडे पाहिलं. "ती खुर्ची काढा खोक्यातून. पण पट्टे मी लावणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"मी तेच म्हणणार होते, आई," सून म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी आजी गाडीत बसून एका बाहुलीला पट्टे लावत आणि सोडत असे. शेजाऱ्यांनी विचारपूस केली. आजोबांनी सांगितलं, तब्येत उत्तम आहे.

नात झाली. घरी न्यायच्या दिवशी आजीने दुपटं आधी काढलं, कारण पट्ट्यांखाली जाड काही नको. पट्टे आवळले, चिमटीत धरून पाहिले, धरता येत नाहीत, म्हणजे सैल नाहीत, याची खात्री केली, आणि मग दुपटं वरून पांघरलं. ती खुर्चीच्या एका बाजूला बसली, सून दुसऱ्या.

अर्ध्या वाटेत नातीने भोकाड पसरलं.

"घे की दोन मिनिटं मांडीवर," आजोबा पुढून म्हणाले. "आलंच घर."

आजीचे हात उचलले गेले होते. तिने ते खाली ठेवले.

"तुम्ही समोर बघा. आधी गाडी कडेला घ्या, बंद करा. मग घेते."

गाडी एका बंद दुकानासमोर थांबली. आजीने अंगठ्याने खटका दाबला, नातीला मांडीवर घेतलं, आणि नात गप्प झाली. जगातली सर्वांत सुरक्षित जागा, इंजिन बंद असताना, खरोखरच तशी होती. सुनेने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

मग आजीने नातीला पुन्हा खुर्चीत ठेवलं, पट्टे लावले, आणि "चला" म्हणाली. आजोबांनी गाडी सुरू केली आणि एसी लावला. नात शिंकली.

त्या एसीतून अजूनही पीठ येतं.