माळटिटवीची अंडी

खिडकीवर ताडपत्री बांधायला रंगुबाई स्वतःच स्टुलावर चढल्या. दुपारचे चार वाजले तरी वाडीच्या समाजमंदिरात ऊन घुसत होतं आणि प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर उमटत नव्हतं. दहातोंडे सर खाली उभे राहून दोरी वर देत होते.

"पुरं का, सर, एवढी?"

"पुरे, पुरे. उतरा आता, पडाल."

"मी कशाला पडते? ऊस घिऊन ट्रकवर चढनारी बाई मी."

बसलेल्या बायका हसल्या. सरांनाही हसावं लागलं. रंगुबाई उतरल्या, पदराने हात पुसले आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसल्या. सरांच्या नेमक्या समोर.

सूर्यभान दहातोंडे नगरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि आता निसर्ग मंडळाचे अध्यक्ष होते. महिन्यातल्या एका रविवारी मंडळ हौशी लोकांना माळावर पक्षी दाखवायला न्यायचं, मधल्या दिवसांत गावोगाव व्याख्यानं द्यायचं. सरांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असे. घरट्यापाशी पाच मिनिटं, हा त्यांचा नियम. शिट्टी वाजली की मागे फिरायचं, मग समोर कलेक्टर का असेना. मंडळातली पोरं त्या शिट्टीची टिंगल करायची, पण फिरायचीही मुकाट्याने.

मेच्या सुरुवातीला रंगुबाईंचा फोन आला होता. ऊसतोडीहून त्या नुकत्याच परत आल्या होत्या. बाजरीसाठी रान नांगरायला ट्रॅक्टर आला, तेव्हा ढेकळांत चार ठिपकेदार अंडी दिसली. रंगुबाई ट्रॅक्टरपुढे आडव्या उभ्या राहिल्या. नवरा सहादेव चिडला, ड्रायव्हर हसला, पण चार गुंठ्यांचा तुकडा नांगरायचा राहिला तो राहिलाच. मागच्या वर्षी सरांचं भाषण त्यांनी ऐकलं होतं आणि नंबर एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता.

पुढच्याच रविवारी सर सव्वीस जणांना घेऊन आले. माळटिटवी नेहमीच्या टिटवीपेक्षा लाजरी, डोळ्यांपुढे पिवळा पापुद्रा असलेली, आणि तिचं घरटं सहजासहजी बघायला मिळत नाही. निघायचं होतं पहाटे पाचला. वाटेत मिसळ झाली, चहा झाला, कुणाची तरी टोपी राहिली म्हणून गाडी मागे फिरली. पोचायला नऊ वाजले. मेमधले नऊ. सरांना तिथेच सगळ्यांना परत फिरवायला हवं होतं. ते त्यांना तेव्हाही कळत होतं. पण इतकी माणसं आली होती, पुण्याहून मोठी लेन्स घेऊन एक गृहस्थ आले होते, आणि सर बोलायला लागले की सगळे कान देऊन ऐकत होते. पक्षीण पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, हे सांगताना त्यांचा आवाज असा काही लागला, की शिट्टीकडे त्यांचा हातच गेला नाही. रंगुबाई जागा दाखवून सगळ्यांच्या चहासाठी घरी गेल्या होत्या. माणसं वर्तुळ करून बसली होती. पक्षीण मागे ओरडत फिरत होती. भानावर आले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

दहा दिवसांनी रंगुबाईंचा पुन्हा फोन आला. अंडी नासली होती, जोडी निघून गेली होती.

"सर, त्या दिशी तुमी गेल्यावर ती नीट बसंना. लई ऊन हुतं. म्हनून मी तांब्याभर पानी शिंपडलं अंड्यांच्या भवती. एका अंड्याला बोट लागलं माझं. त्याच्यानंच झालं का वो?"

बोट लागून पक्षी अंडी सोडत नाहीत, हे सर तीस वर्षं मुलांना शिकवत आले होते.

"असू शकतं," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी."

एवढंच. त्यानंतर फोन ठेवला, आणि संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत तीच बोट लागल्याची गोष्ट तशीच सांगितली. मंडळाची चिटणीस पंकजा हळहळली. गावकऱ्यांना समजावून सांगायलाच हवं, म्हणाली, आणि हे व्याख्यान ठरवून टाकलं. सरांनी नको म्हटलं नाही. त्या रात्रीपासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, पण माणूस उपाशीपोटीही गप्प बसू शकतो.

व्याख्यान सुरू झालं. धाविक, चंडोल अशी माळावरची पाखरं, तिथलं गवत, सगळं नेहमीसारखं. मग सरांनी घरट्यापासून लांब राहण्याचा विषय काढला, आणि रंगुबाई उठून उभ्या राहिल्या.

"सर, मी बोलू का वाईच?"

त्या गावकऱ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"समद्यांना ठावं हाय माझ्या रानातलं. मी चांगलं करायला गेले आन् माझ्या हातानं चार जीव गेले. नांगरट ऱ्हायली म्हनून मालक बोलले, ते बोलू द्या. पन मला त्या जागंवरनं जाववत न्हाई. तुमच्या रानात दिसली, तर हात लावू नका. पानीबी घालू नका. माझ्यावानी करू नका."

मागे कुणी तरी चुकचुकलं. पंकजाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरांचे हात टेबलावरच राहिले. बोलायची वेळ हीच होती. त्यांनी पुढच्या चित्राचं बटण दाबलं.

भिंतीवर ढेकळांतली चार अंडी आली. सहलीचीच चित्रं होती, पंकजाने लावून दिलेली. एक गेलं, दुसरं आलं. तिसऱ्यावर रंगुबाई म्हणाल्या,

"थांबा. मागचं दावा."

सरांनी मागचं दाखवलं.

"आता पुढचं."

त्या भिंतीजवळ गेल्या आणि अंड्यांशेजारच्या एका खड्यावर बोट ठेवलं.

"ह्याची सावली पघा. मागच्या फोटूत एवढी हाय, आन् ह्याच्यात लई आखूड. तुमी आलता तवा नऊ झाल्ते. हे धा वाजायच्या टायमाचं हाय." मग त्या वळल्या. "सर, ह्या मधल्या येळात ती कवा बसली?"

हा दुसऱ्या दिवशीचा फोटो आहे, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य सरांच्या जिभेवर तयार होतं, आणि गावातल्या कुणी त्यावर शंकाही घेतली नसती.

"बसली नाही," सर म्हणाले. "आम्ही भोवती होतो. पाऊण तास. अंडी उन्हाने गेली, रंगुबाई. तुमच्या पाण्याने नाही. बोट लागूनही काही होत नाही."

पंकजाने मान वर केली. सर तिच्याकडे न बघता बोलत राहिले.

"तुमचा फोन आला तेव्हाही मला हे माहीत होतं."

रंगुबाईंनी पुन्हा एकदा त्या चित्राकडे पाहिलं. मग आपल्या जागेवर येऊन बसल्या. त्यांची जाऊ छबूबाई शेजारीच होती, तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग छबूबाईंनीच सरांना विचारलं.

"मंग आता ती पाखरं पुन्यांदा अंडी घालत्यात का न्हाई?"

"घालतात," सर म्हणाले. "पंधरा-वीस दिवसांत. तिथंच आसपास कुठं तरी."

सगळ्यांच्या माना रंगुबाईंकडे वळल्या. रान त्यांचंच होतं.

"घातल्यात," त्या म्हणाल्या. "परवाच पाह्यली मी. लांबूनच."

"खरंच?" पंकजा खुर्चीवरून उठलीच. "कुठे? जूनच्या पहिल्या रविवारी आमची सहल आहे, आपण—"

"ते न्हाई सांगायची मी."

"बरोबर आहे, सगळ्यांना नकोच. फक्त सरांना सांगून ठेवा."

रंगुबाईंनी सरांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

"सरान्लाबी न्हाई," त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली.

"नका सांगू," ते म्हणाले. "मी विचारलं तरी नका सांगू."