मोहरीची उशी निघाली वाशिमला

मित्रांनो, मी एक जुनी मोहरीची उशी आहे. आकाराने जेवणाच्या ताटलीएवढी, वजनाने सव्वा किलो आणि स्वभावाने जरा काळजीखोर. तान्ह्या बाळांच्या डोक्याखाली जिचं आयुष्य जातं, तिला निवांतपणा कुठून असणार?

माझा जन्म लोणी काळभोरचा. इंदुबाईंनी आपल्या जुन्या पातळाचा पदराकडचा तुकडा कापला, कारण तो धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झाला होता. तो दोनदा उकळला आणि त्यात उन्हात तापवलेली मोहरी भरली. पण गच्च नाही भरली. "गच्च भरली की उशीचा धोंडा हुतो," त्या लेकीला म्हणाल्या. "बाळानं मान वळवली की मोहरीनं बी वळाया पायजे."

त्यांच्या लेकीने, म्हणजे ऋतुजाने, माझ्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने एक बदक भरलं. ते बघून इंदुबाई म्हणाल्या, "घागर झ्याक काढलीस गं!"

ऋतुजाचं बाळ म्हणजे नंदू. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, इतक्या लहान बाळाला उशी नको. इंदुबाईंनी सांगितलं होतं, उशीशिवाय डोकं गोल व्हायचं नाही. ऋतुजाने दोघींचं निम्मं निम्मं ऐकलं. नंदू जागी असेल आणि ऋतुजा स्वतः समोर बसलेली असेल, तेवढाच वेळ मला काम. ती नंदूकडे टक लावून बघायची, मी नंदूचं डोकं सांभाळायचे आणि नंदू पंख्याकडे बघायची. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तीन महिने होते ते.

पुढे नंदू मान धरू लागली. "डोकं कसं लिंबासारखं गोल आहे!" असं सगळे म्हणू लागले. शाबासकी इंदुबाईंना मिळाली आणि मला कपाटातला वरचा कप्पा. तिथे डांबरगोळ्यांच्या सहवासात मी दोन वर्षं काढली.

मग एक दिवस कपाट उघडलं. ऋतुजाच्या नणंदेला, अपूर्वाला, मुलगा झाला होता. ती माहेरी, वाशिमला होती. बाळ सारखं उजवीकडेच मान टाकून झोपायचं आणि त्या बाजूने डोकं चपटं होऊ लागलं होतं. बारसं रविवारी होतं आणि तोवर उशी पोचायला हवी होती. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यातली मोहरीन् मोहरी शहारली. मला पुन्हा एक डोकं मिळणार होतं!

नंदूला कांजिण्या आल्या होत्या, त्यामुळे ऋतुजाला पुण्यातून हलता येईना. ऋषी एकटाच निघणार होता. ऋषी म्हणजे नंदूचे बाबा. त्याने जाहीर केलं, "मी बाइकने जाणार."

"साडेचारशे किलोमीटर?" ऋतुजा म्हणाली. "तुला येरवड्याहून हडपसरला जाऊन आलं तरी कंबर धरून बसावं लागतं."

"त्याचा बंदोबस्त केलाय. ऑफिसातल्या विक्रमने हवेची सीट दिलीये. तो म्हणतो, त्यावर बसलं की ढगावर बसल्यासारखं वाटतं."

"विक्रमला बाइकवरून उतरताना बघितलंयस का कधी? ढगावरून पडल्यासारखा उतरतो."

ऋषी ऐकेना, तेव्हा तिने नियम घातला. दर तासाला थांबायचं, खाली उतरायचं, पाणी प्यायचं, चार पावलं चालायचं आणि फोटो पाठवायचा.

"अगं, मी काय नंदू आहे?"

"नंदू बरी. ती दुखलं की रडते तरी."

मग तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी नंदूच्या दुपट्यात गुंडाळली आणि दुपटं सॅकमध्ये ठेवलं. "हे बाळाच्या डोक्याचं आहे," असं तिने तीनदा बजावलं.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. हेल्मेट, गुडघ्यांची कवचं, कमरेचा पट्टा, मागे सॅक आणि सीटवर फुगवलेली सीट. खालच्या मजल्यावरचे हिंदुराव काका दूध घ्यायला आले होते. त्यांनी हे सगळं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "प्रवासाला निघालात, की लढाईला?"

वाघोलीपर्यंत ढग छान चालला. शिरूरच्या अलीकडे एका टपरीपाशी ऋषी थांबला, उतरला आणि नियमाप्रमाणे फोटो काढला. चहा पिऊन तो परत सीटवर बसला, तोच हवेच्या सीटने एक लांबलचक, खोल, घरगुती आवाज केला आणि तिचा पापड झाला. टपरीवरची सगळी माणसं वळून बघू लागली.

"सीटचा आवाज होता," ऋषी म्हणाला.

"असू द्या हो," एक आजोबा समजुतीने म्हणाले. "प्रवासात होतं."

नगरच्या पुढे ऋषीची दशा बघवेना. सॅकमध्ये असूनही मला ती कळत होती. कधी तो डावीकडे बसायचा, कधी उजवीकडे, कधी पायांवर उभा राहून गाडी चालवायचा. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली आणि सॅकची चेन उघडली. मला वाटलं, पाण्याची बाटली काढतोय. पण त्याने दुपटं सोडलं, पिशवी सोडली आणि मला दोन्ही हातांत धरून तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"फक्त संभाजीनगरपर्यंत हं," तो म्हणाला. एवढं तो माझ्याशी आधी कधीच बोलला नव्हता.

त्याने मला सीटवर ठेवलं, हुकांच्या रबरी दोरीने आवळलं आणि तो बसला.

मित्रांनो, नंदूचं डोकं मोसंबीएवढं होतं. ऋषीचं वजन ब्याऐंशी किलो आहे. त्यापुढचं वर्णन मी करत नाही. ज्याला कल्पना करायची असेल त्याने करावी, ज्याला लाज वाटत असेल त्याने पान उलटावं.

तरी एक कबूल करते. तो डावीकडे झुकला की माझी मोहरी डावीकडे वळे, खड्डा आला की ती आपसूक जागा करून देई. इंदुबाईंची शिकवणच तशी. "आहाहा!" ऋषी मोठ्याने म्हणाला. मला भयंकर अपमान वाटला आणि त्याच वेळी, का कोण जाणे, थोडा अभिमानही.

तिथेच सगळं बिघडलं. आता काही दुखत नव्हतं, मग उतरायचं कशाला? नेवासा गेलं, ऋषी उतरला नाही. संभाजीनगरच्या सिग्नलवर त्याने हेल्मेटची काच वर केली, बसल्या बसल्या सेल्फी काढला आणि पाठवून दिला. "उतरलास ना?" ऋतुजाने विचारलं. "हो हो," त्याने लिहिलं. हे "हो हो" माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. नंदू लहान असताना "बाटली उकळलीस ना?" या प्रश्नालाही हेच उत्तर यायचं.

मला त्याच्या मांड्या कळत होत्या. आधी त्या चुळबुळायच्या. मग चुळबुळ थांबली आणि त्या लाकडासारख्या निपचित झाल्या. मी माझी सगळी मोहरी एका बाजूला लोटून पाहिली, त्याला टोचावं म्हणून. पण टोचलेलं कळायला मांडी जागी असावी लागते. त्या पहिल्या दोन तासांत मी अपमानाची चिंता करत होते. आता मला त्या माणसाचीच चिंता वाटू लागली.

साडेतीन तासांनी, जालना ओलांडल्यावर, भूक लागली म्हणून त्याने दत्तोबांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवली. स्टँड लावला. आणि उजवा पाय उचलायला गेला, तर पाय येईना. डावा टेकलेला होता, पण तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा. ऋषी गाडीवर पुतळ्यासारखा बसून राहिला.

खांद्यावर फडकं टाकलेले दत्तोबा बाहेर आले. त्यांनी जरा वाट पाहिली आणि विचारलं, "साहेब, चहा तिथंच आणू का?"

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. ऋषीचे दोन्ही हात हँडलला घट्ट धरलेले. दत्तोबांनी परोपकारी बुद्धीने फोन काढून उचलला.

"ताई, साहेब बरे हायेत. फक्त उतरना झालेत."

"म्हणजे? दाखवा बरं मला." दत्तोबांनी फोन फिरवला. "जरा खाली घ्या, काका. अजून खाली. ऋषी, तुझ्या मांडीखालून ते निळं काय दिसतंय?"

"कुठे?"

दत्तोबांनी वाकून नीट पाहिलं. "घागर हाय, ताई."

"ते बदक आहे!" ऋतुजा ओरडली.

मग चालू फोन टेबलावर टेकवून दत्तोबांनी आणि त्यांच्या आचाऱ्याने ऋषीला काखेत धरून पोत्यासारखं उचललं आणि खाटेवर बसवलं. तिथे त्याच्या पायांना मुंग्या आल्या आणि तो "आई गं, आई गं" करू लागला.

"उशी धुऊन देतो गं," तो कळवळत म्हणाला. "खोळ उकळून घेऊ."

"उशीचं नंतर बघू." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "साडेतीन तास तू उतरला नाहीस आणि मला हो हो लिहीत राहिलास. मध्ये एखादी म्हैस आडवी आली असती, तर ब्रेक कुठल्या पायाने दाबला असतास?"

ऋषीने उजवा पाय हलवून पाहिला. मागच्या ब्रेकचा पाय अजून त्याच्या ताब्यात आलेला नव्हता.

"ताईंचं बरोबर हाय," दत्तोबा म्हणाले आणि चहात जास्तीची साखर घालून घेऊन आले.

उरलेली वाट मी सॅकमध्ये काढली, दुपट्यात. ऋषी उघड्या सीटवर बसला आणि दर तासाला उतरला. मेहकरला तर त्याने गाडीभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. आश्चर्य म्हणजे संध्याकाळी वाशिमला पोचला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी उतरला.

त्याच्या आईने, शालूबाईंनी, मला हातात घेतलं. त्यांना ऋतुजाचा फोन आधीच आला होता, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"काहून रे बापा, हे उशी पोळीसारखी काहून झाली?"

"सॅकमध्ये दाबली असेल."

"अन् पेट्रोलचा वास?"

ऋषी बाळाचं कौतुक करायला आत पळाला.

शालूबाईंनी माझी शिवण उसवली, मोहरी सुपात ओतली, खोळ तीनदा उकळली, सकाळच्या उन्हात वाळवली आणि नवी मोहरी भरली. दुपारी जेवताना ऋषीने वरणाचा दुसरा घास घेतला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "बाळाच्या उशीत नवी मोहरी भरली. जुनी वाया काहून घालवाची? तुह्या वरणाच्या फोडणीले घातली."

ऋषीचा हात तोंडापाशीच थांबला. अपूर्वा हसून हसून पाणी प्यायला उठली. खरं काय ते मला ठाऊक आहे. जुनी मोहरी परसात चिमण्यांना टाकली होती. पण मी त्याला सांगणार नाही.

संध्याकाळी बारसं झालं. बाळाचं नाव इंद्रजीत ठेवलं. अपूर्वा समोर बसली आणि तिने मला त्याच्या डोक्याखाली सरकवलं. मोसंबीएवढं, कोमट, आपलं डोकं. त्याने मान डावीकडे वळवली, मी वळले. मित्रांनो, एकदा ब्याऐंशी किलो पेलले की एका डोक्याची किंमत कळते.

म्हणून एवढंच सांगते. लांबच्या वाटेला मऊ सीट घ्या, उशी घ्या, ढग घ्या. पण मऊपणावर जिवाचा भार टाकू नका. दुखणं हा शरीराचा निरोप असतो, तो आम्हा उशांखाली दाबून ठेवू नका. उतरा. आणि बाळाची उशी बाळालाच राहू द्या.

सोमवारी ऋषी परत निघाला. दर तासाला घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो येत होता आणि अपूर्वा तो इंद्रजीतला दाखवत होती, म्हणजे मलाही. पण ऋतुजाने नियम बदलला होता. फोटोत आता ऋषीचं तोंड नको होतं. मेहकर, जालना, संभाजीनगर, नगर, शिरूर. प्रत्येक ठिकाणचा फोटो एकच. कडेला उभी मोटारसायकल आणि तिची रिकामी सीट.

प्रत्येक फोटोखाली ऋतुजाने एकच शब्द लिहिला होता. "छान."

जालन्याच्या फोटोत मात्र त्या रिकाम्या सीटवर दत्तोबांनी चहाचा कप ठेवला होता.